पहिला चहा भांड्यांचा

पाणीकपात जाहीर झाली. एक दिवसाआड. आता पहिल्या आठवड्यात लोक चिडतील, दुसऱ्या आठवड्यात पिंप विकत घेतील आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना सवय होईल. सवय होण्याआधी गाठावं लागतं, म्हणून आमची पत्रकं नेहमी दुसऱ्या आठवड्यात निघतात. नारायण पेठेतल्या आमच्या जिन्यात निळी पिंपं आली आहेत आणि प्रत्येकाला अंग चोरून वर जावं लागतं. वर्तमानपत्रात खडकवासला धरणातल्या साठ्याचा आकडा तापमानाच्या शेजारी बसला आहे. लोक तो एकमेकांना धावफलक सांगावा तसा सांगतात. पहाटे पाच वाजता सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम घुरघुरायला लागतात. त्या आवाजाने मी दचकून उठते आणि आज आपला दिवस आहे की नाही, हे आठवेपर्यंत छाती धडधडत राहते.

लोकांचा एप्रिल-मे आंब्याचा असतो. माझा पाण्याचा. नव्या पिंपाच्या प्लास्टिकचा वास, तुरटीचा वास, टँकरच्या तापलेल्या रबरी नळीचा वास. गळका टँकर जातो तेव्हा रस्त्यावर मागे एक ओली रेघ राहते. साळुंक्या त्या रेघेवर उतरतात, चोची बुडवायला जातात, तोवर रेघ वाळलेली असते. हे मी दर उन्हाळ्यात बघते आणि दर उन्हाळ्यात मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटतो.

पण या मोसमात आणखी एक वास येतो आणि त्याचा पाण्याशी वरवर काही संबंध नाही. किसलेलं आलं, कांद्याची पात, वाफेवर शिजणारं तांदळाचं पीठ आणि मोगऱ्याच्या अंगाने जाणारा चहा. हा वास आठवला की जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं होतं. दोन उन्हाळे झाले. अजून होतं.

मी अकोल्याकडची. आमच्या गावात नळ कधी आठव्या दिवशी यायचा, कधी बाराव्या. आई तांदूळ धुतलेलं पाणी बाजूला ठेवायची, त्यात भांडी विसळायची, त्याच पाण्याने मग उंबरा पुसायची आणि उरलेलं लिंबाच्या झाडाला घालायची. एक पाणी चार वेळा कामाला यायचं. पुण्यात शिकायला आले, तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात एक मुलगी दात घासताना नळ चालू ठेवून फोनवर बोलत होती. मी जाऊन नळ बंद केला. ती म्हणाली, "एक्स्क्यूज मी?" मी म्हटलं, "बोल ना, फोन चालूच आहे." माझ्या चळवळीची सुरुवात ही एवढीच. पुढे गट मिळाला, पत्रकं लिहायला शिकले. पत्रकाची भाषा अंगात मुरली की माणूस आईशीसुद्धा मुद्द्यांत बोलतो.

आमचा गट म्हणजे सात-आठ जण. पत्रकं मी लिहायची आणि छपाईचं ओंकार बघायचा. ओंकार मूळचा नारायण पेठेतला. तो बोलतो कमी, पण बोलला की लागतं. गटाचा एकच कडक नियम होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच छापायचं. ऐकीव नाही, फॉरवर्ड आलेलं नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही 'पाणी कोण पितंय?' नावाच्या पत्रकासाठी शहरभर फिरत होतो. कोण कुठे पाणी उधळतं ते बघायचं आणि लिहायचं. एका रविवारी सकाळी कॅम्पात फिरून फिरून पाय दुखले, तेव्हा ओंकार म्हणाला, "चल, तुला चायनीज खाऊ घालतो."

"सकाळी नऊ वाजता?"

"तेव्हाच खातात ते."

एका जुन्या चारमजली इमारतीच्या तळमजल्यावर ते रेस्टॉरंट होतं. सात टेबलं. लाल कंदील नाही, ड्रॅगन नाही, भिंतीवर एक कॅलेंडर आणि एक घड्याळ. मी बसल्या बसल्या विचारलं, "शेजवान फ्राइड राइस आहे का?" काउंटरमागून साठी उलटलेल्या एक बाई उठून आल्या. बारीक अंगाच्या, कापलेले पांढरे केस, सुती फ्रॉक, पायात पॅरागॉनची चप्पल. त्या म्हणाल्या, "शेजवान शेजवानात. इथे कॅन्टन. लाल चटणी पाहिजे तर चौकात गाडी लागते, सहानंतर ये."

या आयरीन आंटी. मराठी असं बोलतात की सदाशिव पेठेने मान खाली घालावी. त्यांचे वडील कॅन्टनकडचे सुतार. आधी कलकत्त्याला आले, मग पुण्यात. टेबलं त्यांनीच केलेली, एकाही टेबलाला खिळा नाही. आंटींनी मला टेबलाखाली वाकून सांधा बघायला लावलं, आणि मीही वाकले.

खरं सांगायचं तर तिथे मला धक्क्यांवर धक्के बसत होते. चिनी जेवण म्हणजे लाल, तिखट आणि तेलकट, हे मी कॉलेजच्या गेटवर शिकले होते. इथे पहिल्यांदा आली ती मऊ भाताची पेज. आजारी माणसाला देतात तशी, वर आल्याचे केसासारखे काप. मग किसलेल्या मुळ्याची वडी. वाफवून, कापून, तव्यावर खरपूस केलेली. आई कोथिंबीर वडी करते, थेट तशीच. मग तांदळाच्या ओल्या पापडासारखी पांढरी, लुसलुशीत गुंडाळी आणि तिच्या पोटात कोळंबी. मी सांगितलं, की आमच्याकडे पापड्या वाळत घालण्याआधी अशाच ओल्या खातात. आंटी म्हणाल्या, "मग तुम्ही वाळवता कशाला?" मी दुसरी गुंडाळी उचलली.

पण हे सगळं नंतर. त्याआधी ते वाडगं आलं.

आंटींनी टेबलाच्या मधोमध एक मोठं काचेचं वाडगं ठेवलं. त्यात आमचे दोन पेले, दोन चमचे, जेवायच्या काड्या. किटलीतला उकळता चहा त्यांनी वरून ओतला. एका पेल्यात दुसरा पेला गर्रकन फिरवला, काड्यांची टोकं त्या चहात हलवली, चमचे उलटेपालटे केले आणि सगळं निथळून आमच्यापुढे मांडलं. हात इतके सराईत की आरती ओवाळावी तसं वाटलं. वाडग्यात फिकट पिवळं पाणी राहिलं, त्यावर वाफ. आंटी ते उचलून न्यायला लागल्या.

मी त्यांचा हातच धरला. "याचं काय करणार?"

"टाकणार."

"भांडी घाण होती का?"

"माझ्याकडे?" आंटींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या आईवरून बोलले.

"मग स्वच्छ भांड्यांवर चहा ओतून तो फेकून द्यायचा?"

"पहिला चहा भांड्यांचा. दुसरा माणसांचा. असं असतं आमच्यात."

पाणीकपातीचा पहिला आठवडा संपत होता. सकाळी मी एका बादलीत अंघोळ आणि कपडे उरकून आले होते. मी ते वाडगं दोन्ही हातांनी उचललं आणि तत्त्व म्हणून प्यायले. अर्धं अधिक. पलीकडच्या टेबलावरचे एक आजोबा काड्या हवेत धरून थांबले. ओंकार भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

आंटी शांतपणे म्हणाल्या, "भांडी मीच घासते, त्यामुळे मरणार नाहीस. पण चहा जास्त बरा लागतो."

मग त्यांनी दुसरा चहा ओतला. ओतणाऱ्याचे आभार तोंडाने नाही मानायचे, दोन बोटं टेबलावर हलकेच टक टक वाजवायची, हेही शिकवलं. मी वाजवली. जेवले, तृप्त झाले, पुन्हा येईन म्हणाले. बाहेर पडल्यावर ओंकार एवढंच म्हणाला, "धुवण पिऊन क्रांती करणारी तू पहिलीच."

त्याच संध्याकाळी मी ती ओळ लिहिली. इथे ती जशीच्या तशी देते, कारण ती लपवली तर या लेखाला काही अर्थ नाही. "कॅम्पातल्या एका चिनी रेस्टॉरंटात धुतलेली भांडी गिऱ्हाइकासमोर पुन्हा धुतात आणि पाणी फेकून देतात. आपली मुलं तहानलेली, यांची भांडी दोनदा अंघोळ करतात." दुसरं वाक्य सुचलं तेव्हा मी खोलीत एकटीच हसले होते. ओंकारनेही वाचून मान डोलावली. म्हणाला, "बसलंय." नाव छापलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेलं होतं. नियमात होतं.

एखादं वाक्य छान जमलं की ते कुणाच्या अंगावर जाऊन पडणार आहे, हे बघायला पत्रकवाला थांबत नाही. थांबला तर तो पत्रकवाला कसला?

दोन आठवड्यांनी, रविवारी, मी पुन्हा तिथे गेले. लाज म्हणून नाही, काही कळलं होतं म्हणूनही नाही. भूक लागली होती आणि मुळ्याची वडी आठवत होती. एवढी मी बेफिकीर होते. ज्यांच्यावर पत्रक काढलं त्यांच्याकडेच जेवायला निघाले होते, आणि यात काही विचित्र आहे हे माझ्या मनातही आलं नाही.

शटर अर्ध्यावर होतं. त्यावर खडूने लिहिलेली पाटी, आंटींचं ठसठशीत अक्षर. "पाणी नाही. चौकशी करू नये." मी वाकून आत डोकावले. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. स्वयंपाकघरातून एकही आवाज नाही. वाफ नसलेलं ते रेस्टॉरंट मला ओळखू येईना. आंटी खिडकीशी बसून जुन्या पेपरची घडी घालत होत्या.

"काय झालं आंटी?"

"बाहेर लावलंय ना. चौकशी करू नये."

मी मागे वळले आणि तेव्हा इमारतीच्या जिन्यातला सूचनाफलक दिसला. भाडेपावत्या, लिफ्टची सूचना आणि मध्ये आमचं पत्रक. चार कोपऱ्यांना चार टाचण्या. माझी ओळ लाल पेनाने अधोरेखित केलेली. पहिलं वाक्य नाही. दुसरं. 'यांची' या शब्दाखाली तर दोन रेघा.

अंगातलं रक्त पायात उतरणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आजवर मी हा शब्दप्रयोग पत्रकात वापरला होता, दुसऱ्यांसाठी.

इमारतीची टाकी एकच. वर सोसायटीची बिऱ्हाडं, खाली आंटी. कपात सुरू झाल्यापासून कुरबूर होतीच, की हॉटेलला जास्त पाणी जातं. पण आयरीन आंटींच्या तोंडावर बोलायची कुणाची हिंमत नव्हती. मग माझं पत्रक आलं. सोसायटीची बैठक झाली, सेक्रेटरींनी ते मोठ्याने वाचलं आणि तळमजल्याचा कॉक बंद केला. पाण्याशिवाय स्वयंपाकघर म्हणजे नुसती खोली. आंटी वरच्या मजल्यावर राहायच्या, त्यांना घरचं पाणी मिळत होतं. त्या तहानलेल्या नव्हत्या. फक्त वडिलांच्या टेबलांवर वाफ नव्हती, आणि त्यांच्याकडचा स्वयंपाकी, जो रोज पहाटे येऊन तांदळाच्या त्या गुंडाळ्या करायचा, तो रोज येऊन बसून परत जात होता.

मी परत शटरखालून आत गेले. सांगितलं, "आंटी, ते पत्रक मी लिहिलंय."

"माहीत आहे. धुवण पिणारं दुसरं कोण येतं इथे?" त्यांनी पेपरची घडी पूर्ण केली. "मराठी छान आहे तुमचं."

पहिल्या दिवशी मला अरेतुरे करणारी बाई मला 'तुमचं' म्हणाली. पुण्यात याला शिक्षा म्हणतात.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "यांची म्हणजे माझी ना?"

मी टेबलावरच्या उलट्या खुर्चीचा पाय धरला.

"मी याच इमारतीत जन्मले. दुसऱ्या मजल्यावर. तो सेक्रेटरी लहानपणी या टेबलाखाली लपायचा, आई शोधायला आली की. त्याला मुळ्याची वडी आवडायची, कडेची, जास्त खरपूस. अजून आवडते. आता रविवारी तोही उपाशी." त्या जरा हसल्या. ते हसू बघवलं नाही. "तुमची गाडी चुकेल."

माझी कुठलीच गाडी नव्हती. मी वाकून बाहेर पडले.

त्या दिवशी मी कॅम्पातून नारायण पेठेपर्यंत उन्हात चालत आले. ओंकार प्रेसमध्ये होता. मी म्हटलं, दुरुस्ती छापायची.

"काय चुकीचं आहे त्यात? भांडी धुतात. पाणी फेकतात. तू स्वतः बघितलंस. बघितलंस काय, प्यायलीस."

"एक पेला पाणी, ओंकार."

"मग तेव्हा लिहायचं होतंस, एक पेला."

"तू बसलंय म्हणालास."

"बसलंच होतं." त्याने चष्मा काढून पुसला. मग जरा वेळाने, नेहमीपेक्षा हळू आवाजात, "पत्रकातली यादी काढ बघू."

आम्ही आमचीच यादी पुढे घेऊन बसलो, परक्याने लिहिल्यासारखी. रस्त्यावर गाड्या धुणारा एक माणूस. एक रसवंती. एक केस कापायचं दुकान. मागच्या अंगणात भांडी घासणारं एक मंगल कार्यालय. आणि आयरीन आंटी. ती यादी मी पुन्हा वरपासून वाचली, कारण एक नाव तिच्यात नव्हतं.

हडपसरच्या पुढे एक मोठं गृहसंकुल आहे. गेटवर कारंजं, आत तरणतलाव. रोज टँकरची रांग. आम्ही तिथे दोनदा गेलो होतो. गेटवरचा वॉचमन वाशिमचा निघाला. माझी बोली ऐकून खुलला, पण आत सोडेना. "ताई, मले काही प्रॉब्लेम नाही. पन ॲपवर कोनाचं नाव टाकू? आतून हो आलं पाहिजे." आतून हो म्हणणारं आमचं कुणी नव्हतं. कारंजं त्या दिवशी बंद होतं. तलाव भिंतीपलीकडे होता. भिंतीवरून आवाज येत होता, पोरांनी पाण्यात उड्या टाकल्याचा, एकामागून एक धबाक धबाक. आम्ही रणरणत्या उन्हात उभं राहून तो आवाज ऐकला. पण पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं नाही ते छापायचं नाही. नियम.

म्हणजे ज्यांच्या भिंती उंच, ते नियमानेच सुटले. ज्यांचं दार उघडं होतं, ज्यांनी या बसा म्हटलं, आमच्यासमोर आमच्यासाठी पेले विसळले, तेवढे आमच्या तावडीत सापडले. आणि आम्ही याला प्रामाणिकपणा म्हणत होतो. मी म्हणत होते. आजही मला उमजत नाही, की इतक्या चांगल्या नियमातून इतकं वाईट काम कसं निघालं. निघालं एवढं खरं.

ओंकारने दुरुस्ती छापली नाही. गटाचं म्हणणं पडलं की दुरुस्ती काढली की पुढच्या पत्रकावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी हाताने लिहिली, झेरॉक्स काढल्या आणि त्या इमारतीतल्या प्रत्येक दारात नेऊन दिल्या. सेक्रेटरी चाळिशीतले, सभ्य, बँकेत नोकरीला. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"अहो ताई, पहिलं पत्रक तुमचंच. हेही तुमचंच. आम्ही कुठलं खरं मानायचं?"

"हे."

"का?"

"कारण हे लिहायला मला लाज वाटली."

त्यांनी कागदाची घडी केली. मग म्हणाले, "ठराव झालाय. पाऊस पडू दे, धरण भरू दे, मग बघू." आणि दार लावलं. आवाज न करता लावलं, त्याचाच मला जास्त राग आला.

आमच्यात लाज वाटते असं लिहायची पद्धत नाही. आम्ही निषेध लिहितो, धिक्कार लिहितो, जाब विचारतो. लाज हा शब्द आम्ही नेहमी दुसऱ्याकडे पाठवतो. तो परत आला तर ठेवायचा कुठे, हे कुठल्या शिबिरात शिकवलेलं नाही.

त्या रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्याकडं पाहुना आला की मी दारात गडवा ठेवते का नाही? पाय धुवाले? तू का नाही लिहिलंस माह्यावर?"

 गडवा म्हणजे आमच्याकडचा तांब्या. बारा दिवसांनी नळ यायचा त्या उन्हाळ्यातसुद्धा ती दारात भरलेला गडवा ठेवायची. पाहुणा चपला काढायचा, पायांवर पाणी घ्यायचा, मातीवर एक काळा ओला डाग उमटायचा आणि मगच तो आत यायचा. त्या पाण्याने उंबरा पुसला जात नव्हता, ते लिंबाला जात नव्हतं, चार वेळा काय, ते दुसऱ्यांदाही कामाला येत नव्हतं. सरळ मातीत. एवढी वर्षं मी ते बघत होते आणि ते मला कधी पाणी म्हणून दिसलंच नाही. ते आमचं होतं ना.

पाऊस पडला. धरण भरलं. कॉक उघडला. तोवर आंटींचा स्वयंपाकी हडपसरकडे एका मॉलमध्ये लागला होता. तांदळाच्या गुंडाळ्या तेव्हापासून बंद आहेत, त्या आंटींच्या हाताला जमत नाहीत. पेज आहे, मुळ्याची वडी आहे, वाफवलेला मासा असतो कधी. सात टेबलांपैकी चार मांडतात. मी जात राहिले. आंटी वाढत राहिल्या, 'तुम्ही' म्हणत राहिल्या. पेले मात्र आता उलटे येतात, कोरडे ठणठणीत, कागदी रुमालात गुंडाळून. पहिला चहा थेट माणसांचा. मागचा उन्हाळा बरा गेला, कपात नव्हती, तरीही वाडगं आलं नाही. मी विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार? त्याच तोंडाने मी ते प्यायले होते.

आता पुन्हा कपात. गटात चर्चा सुरू आहे, या वर्षीचं पत्रक कोण लिहिणार. मी म्हटलंय, लिहीन, पण आधी संकुलाच्या आत जायचं. कसं, ते ठरायचंय. वाशिमच्या वॉचमनला मी दिवाळीत फोन केला होता.

आणि परवा रविवारी, पाणी यायचा दिवस होता, मी पहाटे उठून माझ्या वाट्याच्या बादलीतून पाच लिटरचा कॅन भरला. घरमालकीण काकू जिन्यात पिंपाला झाकण लावत होत्या. "पाणी घेऊन कुठे निघालीस?"

"हॉटेलात."

"लोक तिथून आणतात," त्या म्हणाल्या आणि झाकण घट्ट केलं.

कॅन स्कूटरवर पायांशी ठेवून मी कॅम्पात गेले. नऊ वाजले होते. आंटी पेज ढवळत होत्या. मी कॅन टेबलावर ठेवला, त्यांच्या वडिलांच्या बिनखिळ्याच्या टेबलावर.

"हे काय?"

"पाणी. माझ्या वाट्याचं."

त्यांनी कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भांड्यांना एक पेला लागतो. एवढं कशाला?"

"माहीत आहे, एक पेला लागतो."

"तेव्हा माहीत नव्हतं?"

मला पत्रकाच्या भाषेत उत्तर देता आलं असतं. "तेव्हाही माहीत होतं," मी म्हटलं.

  पलीकडच्या टेबलावर कुणीतरी चमचा खाली ठेवला. मग आंटींनी कॅन उचलला, माझ्या मदतीचा हात बाजूला सारला आणि आत गेल्या. किटली गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. मग फडताळ उघडल्याचा. बऱ्याच दिवसांत न उघडलेल्या दाराचा करकर असा आवाज.

वाडगं तेच होतं. त्यांनी एक पेला त्यात ठेवला, एक चमचा, दोन काड्या. वरून उकळता चहा. पेला फिरला, काड्यांची टोकं हलली, सगळं निथळून माझ्यापुढे आलं. वाडग्यात फिकट पिवळं पाणी राहिलं. वाफ माझ्या चष्म्यावर बसली. मी वाट बघत होते, त्या आता ते उचलून नेतील, टाकतील, आणि मी बघत बसेन, काही बोलणार नाही.

त्यांनी वाडगं माझ्याकडे सरकवलं.

"पी," त्या म्हणाल्या. "तुझंच पाणी आहे."

मी दोन्ही हातांनी उचलून प्यायले. सगळं. चव तीच होती, धड चहाची नाही आणि धड पाण्याची नाही. मी वाडगं खाली ठेवेपर्यंत आंटी उभ्या राहिल्या. मग तळ नीट बघितला, काही उरलं नाही ना ते, आणि किटली उचलली.

"थांब. आता माणसांचा आणते."